युरिएजच्या प्रकल्प नोंदी: लॅबमधली बाटली, बाबांचं पोट आणि गव्हाचं रान

३ नोव्हेंबर

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं. गहू पेरायला अजून आठवडा आहे. ओसरीवर युरियाची पोती उतरवली तेव्हा नववीतली पुतणी पोत्याला नाक लावून म्हणाली, "आत्या, याला तर काहीच वास नाही. मग रानात टाकल्यावर डोळ्याला झोंबणारा वास कुठून येतो?"

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेली अकरा वर्षं रोज सकाळी लोकांच्या रक्तातला युरिया मोजते, आणि पोरीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच फ्रीजमधल्या बाटलीत होतं. त्या बाटलीत युरिएज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारं द्रव्य, असतं. ते युरियाचा एक रेणू पाण्याच्या मदतीने फोडतं आणि दोन रेणू अमोनिया व एक रेणू कार्बन डायऑक्साइड देतं. वास त्या अमोनियाचा. एन्झाइम नसेल तर युरिया पाण्यात वर्षानुवर्षं तसाच पडून राहील. मातीतल्या जिवाणूंकडे आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात युरिएज भरपूर असतं, म्हणून रानात हेच काम दोन-चार दिवसांत उरकतं.

तिला शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय हवा होता, मला बऱ्याच दिवसांपासून या एन्झाइमचं नीट काहीतरी करायचं होतं. आजपासून वही सुरू.

५ नोव्हेंबर

पहिला प्रयोग स्वयंपाकघरात. कच्चं सोयाबीन मिक्सरमधून बारीक केलं, कोमट पाण्यात कालवून फडक्यातून गाळलं. दुसऱ्या मूठभर दाण्यांना आधी वीस मिनिटं उकळलं आणि मग तसंच पाणी काढलं. दोन काचेचे ग्लास, दोन्हीत एकेक चमचा युरिया आणि फिनॉल रेडचे पाच-सहा थेंब. फिनॉल रेड ओळखीच्या कॉलेजातल्या मॅडमनी दिलं. आम्लाकडे ते पिवळं राहतं, अल्कलीकडे गेलं की गुलाबी-लाल.

दोन्ही ग्लास सुरुवातीला दुधट पिवळे. सहाव्या मिनिटाला कच्च्या सोयाबीनच्या ग्लासात तळाकडून, जिथे न विरघळलेला युरिया बसला होता तिथून, गुलाबी ढग वर चढायला लागला. दहा मिनिटांत सगळा ग्लास रूह अफझासारखा. उकळलेला ग्लास रात्री झोपेपर्यंत पिवळाच. शेवटी पोरीने दोन्हींचा वास घेतला आणि पहिल्यापासून झटकन मान मागे घेतली.

ही गोष्ट पोल्ट्रीवाल्यांना चांगली माहीत आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा ट्रिप्सिन अवरोधक असतो, तो तापवून घालवावा लागतो. तो थेट मोजणं किचकट. युरिएजही साधारण तेवढ्याच उष्णतेला मरतं, आणि ते मोजायला सोपं. म्हणून खाद्य बनवणारे पेंडीवर युरिया आणि फिनॉल रेडचं पाणी शिंपडतात आणि पाच मिनिटांत लाल ठिपके किती उठतात ते पाहतात. अचूक मोजायचं तर पीएच किती वाढला ते बघतात. ०.०५ ते ०.२० एवढी वाढ चांगली समजतात. शून्य आलं तर खूश व्हायचं कारण नाही, कारण तेव्हा पेंड जास्त भाजली गेलेली असू शकते आणि लायसिन हा प्रथिनातला गरजेचा घटक वाया गेलेला असू शकतो. थोडंसं युरिएज जिवंत राहिलेलं बरं, हे मला फार आवडलं.

८ नोव्हेंबर

आमच्या कुंपणावर अबईचा वेल आहे. आई कोवळ्या शेंगांची भाजी करते. या अबईच्या जवळच्या भावकीतल्या शेंगेनेच, इंग्रजीत तिला जॅक बीन म्हणतात, एन्झाइम म्हणजे नक्की काय हा वाद मिटवला.

जेम्स समनर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होता. सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन त्याचा डावा हात गेला, आणि तो डावखुरा होता. उजव्या हाताने सगळं नव्याने शिकला. एका हाताने प्रयोगशाळेत काम करता येणार नाही असं त्याला सांगितलं गेलं होतं. १९१७ मध्ये त्याने जॅक बीनच्या पिठातून युरिएज शुद्ध करायला घेतलं आणि नऊ वर्षं तेच करत राहिला. १९२६ मध्ये पीठ पातळ ॲसिटोनमध्ये कालवून गाळलं, गाळून आलेला द्रव थंडीत रात्रभर ठेवला आणि सकाळी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बारीक स्फटिक. ते स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरिया फोडत होते. एन्झाइम प्रथिन असूच शकत नाही असं तेव्हा जर्मनीतले मोठे रसायनशास्त्रज्ञ ठामपणे म्हणत होते. समनरचं म्हणणं पूर्णपणे मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. नोबेल १९४६ मध्ये मिळालं.

पुढे १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटाने याच युरिएजमध्ये निकेल सापडल्याचं दाखवलं. निकेल असलेलं हे पहिलं माहीत झालेलं एन्झाइम. म्हणजे समनरच्या स्फटिकांत निकेल पहिल्या दिवसापासून होतं, दिसायला एकोणपन्नास वर्षं लागली. शेतीला याचा अर्थ असा की निकेल मिळालं नाही तर पिकाच्या पानात युरिया साचतो आणि पानाची टोकं जळतात. सोयाबीनवर हे प्रयोगात दाखवलेलं आहे.

९ नोव्हेंबर

गहू पेरला. पहिलं पाणी एकविसाव्या दिवसाला, मुकुटमुळं फुटायच्या वेळी. युरियाचा दुसरा हप्ता तेव्हाच.

१२ नोव्हेंबर

आज लॅबमधली नोंद. हे लिहायला मला जड जातं, पण लिहायला हवं.

रक्तातला युरिया आम्ही असा मोजतो: युरिएज युरिया फोडतं, तयार झालेला अमोनिया दुसरं एन्झाइम (जीएलडीएच) पकडतं आणि त्या कामात एनएडीएच नावाचा रेणू खर्ची पडतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. तो जितक्या वेगाने कमी होतो तितका युरिया जास्त. मिनिटा-दीड मिनिटाचं काम. अमोनिया असलेलं क्लीनर वापरून नुकती पुसलेली फरशी असेल तरी आकडा हलतो, म्हणून सकाळी पहिल्या बॅचच्या आधी आमच्याकडे फरशी पुसायची नाही हा नियम आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका लॅबमध्ये असताना, एका आजीबाईंचा रिपोर्ट माझ्या हातून गेला. क्रिएटिनिन वाढलेलं आणि युरिया अगदी कमी. दोन्ही किडनीचेच, दोन्ही साधारण एकाच दिशेने जातात. मला खटकलं, पण गर्दी होती, मी सही केली. संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. नळ्या शोधल्या. रक्त कमी निघालं म्हणून शुगरच्या राखाडी झाकणाच्या नळीतलाच प्लाझ्मा युरियाला वापरला गेला होता. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. पेशींनी साखर खाऊ नये म्हणून ते घालतात, पण तेच फ्लोराइड युरिएजला बांधून ठेवतं. युरिया रक्तात होता. मोजणारं एन्झाइम गप्प झालं होतं. साध्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा युरिया क्रिएटिनिनला शोभेल एवढा वर निघाला.

त्या दिवसापासून युरिया आणि क्रिएटिनिन एकमेकांशी बोलत नसतील तर मी आधी नळीचं झाकण बघते. नवीन मुलींना शिकवताना पहिला धडा हाच देते.

(रिपोर्ट घेणाऱ्यांसाठी: काही ठिकाणी "युरिया" छापतात, काही ठिकाणी "बीयूएन", म्हणजे युरियातल्या नुसत्या नत्राचा आकडा. दोन्ही वेगळे आकडे आहेत. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून किडनी सुधारली किंवा बिघडली असं ठरवू नका.)

१६ नोव्हेंबर

बाबांची एंडोस्कोपी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. वर्षभर जळजळ, रात्री पोट दुखून उठतात. जठराच्या अस्तराचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला. जेलमध्ये युरिया आणि फिनॉल रेड. आमच्या ग्लासातलंच रसायन! तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल तर त्याचं युरिएज युरिया फोडणार आणि जेल गुलाबी होणार.

हा जिवाणू जठराच्या आम्लात जगतो तो याच एन्झाइमच्या बळावर. जठररसात थोडा युरिया असतोच, तो फोडून हा स्वतःभोवती अमोनियाचं कवच करतो आणि आम्ल बोथट करतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला. प्लेट दोन दिवसांनी फेकायची पद्धत होती. ईस्टरच्या सुट्टीत त्या इन्क्युबेटरमध्ये जास्त दिवस राहिल्या म्हणून वाढ दिसली. अल्सर जिवाणूने होतो हे कुणी मानेना, तेव्हा मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन बघितला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

बाबांचं जेल पिवळंच राहिलं. "निगेटिव्ह" लिहून मिळालं.

१८ नोव्हेंबर

रात्री बाबांच्या उशाखाली पँटोप्रॅझोलची, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची, पट्टी दिसली. एंडोस्कोपीच्या सकाळपर्यंत रोज घेत होते. तपासणीआधी ती दोन आठवडे बंद ठेवायची असते, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबायचं असतं. या गोळ्यांनी जिवाणू आणि त्याचं युरिएज दबतं आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आम्हाला तिथे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं. फ्लोराइडच्या नळीसारखंच झालं: एन्झाइम दबलेलं, आणि कागदावर सगळं छान.

आमच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले गोळी बंद करा, जळजळ झाली तर साधं अँटासिड घ्या, आणि पुन्हा नळी घालायची गरज नाही, श्वासाची तपासणी करू.

१९ ते २४ नोव्हेंबर

बरण्यांचा प्रयोग. लोणच्याच्या सहा रिकाम्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत आपल्याच रानातली काळी माती. पीएच पट्टीवर मातीचा आकडा आठच्या आसपास. झाकणाच्या आत हळदीचा कागद ओला करून चिकटवला. हळद अमोनियाने लालसर होते. चार दिवसांत बघितलेलं:

पहिली बरणी, ओली माती आणि वर युरिया पसरलेला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागदाच्या कडा तांबूस, तिसऱ्या दिवशी सगळा कागद विटकरी.

दुसरी, युरिया दोन बोटं खोल पुरून वर माती दाबलेली: शेवटपर्यंत पिवळा.

तिसरी, युरिया वर टाकून लगेच पाणी ओतलेलं: चौथ्या दिवशी कडेला अगदी फिकट छटा.

चौथी, कोरडी माती आणि वर युरिया: दोन दिवस काही नाही. मग पोरीने पाण्याचा फवारा दिला, दुसऱ्या दिवशी कागद लाल.

पाचवी युरियाशिवाय, पिवळीच.

सहावी पोरीची कल्पना. उकळलेल्या सोयाबीनवरून तिला सुचलं. माती कढईत तासभर खरपूस भाजून गार केली, पाणी घातलं, वर युरिया. पहिल्या बरणीसारखीच, फक्त भाजलेली. कागद पिवळा राहिला! "आत्या, मातीच शिजवली आपण," ती म्हणाली. मातीत काहीतरी जिवंतपणाचं आहे आणि ते भाजल्यावर मरतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

एक लिहून ठेवते: बरणीत वापरलेला युरिया रानातल्या मात्रेपेक्षा खूप जास्त होता आणि बरणीत वारा नसतो. यावरून रानात किती टक्के उडतो हे सांगता येणार नाही. कुठल्या पद्धतीने जास्त उडतो, एवढंच सांगता येतं. आपल्या काळ्या जमिनी अल्कलीकडे झुकलेल्या, त्यामुळे अमोनिया वायुरूपात राहायला आणि उडायला त्या सोयीच्याच.

२६ नोव्हेंबर

दादाला बरण्या दाखवल्या. त्याची रीत अशी की आधी पाणी द्यायचं, तीन-चार दिवसांनी वाफसा आला की रानात शिरून युरिया फेकायचा. पुढचं पाणी अठरा-वीस दिवसांनी. म्हणजे नेमकी पहिली बरणी.

त्याने बराच वेळ तांबूस कागदाकडे बघितलं. मग म्हणाला, "पाण्याआधी टाकला तर पाटाच्या पाण्याबरोबर सगळा खालच्या टोकाला जातो. तिथला गहू लोळतो, वरचा पिवळा पडतो. मी काय उगाच नंतर टाकतो?" त्याचं खरं आहे. पुस्तकात "युरिया टाकून लगेच पाणी द्या" हे एका ओळीत लिहून होतं. रानाला उतार असतो हे त्या ओळीत नसतं.

शेवटी तुषार संचावर आलो. तुषारने वाहून जायचा प्रश्न राहत नाही. हलकं पाणी दिलं की युरिया बोट-दोन बोटं खाली जातो, आणि तिथे तयार झालेला अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो.

बाबा ऐकत होते. "निंबोळीचा युरिया आहे ना, मग कशाला उडतोय?" त्यांनी विचारलं. हा गैरसमज गावात सगळीकडे आहे. २०१५ पासून देशातला युरिया कडुनिंबाचं तेल लावूनच येतो, पण कडुनिंबाचं मुख्य काम पुढच्या पायरीवर आहे: अमोनियमचं नायट्रेट होणं ते मंदावतं. युरिएजला थेट आवरणारं रसायन वेगळं, एनबीपीटी. ते एन्झाइमच्या निकेलच्या जागेवर जाऊन बसतं आणि आठवडा-दोन आठवडे युरिया फुटणं लांबवतं. तेवढ्यात पाऊस किंवा पाणी मिळालं की काम झालं.

३० नोव्हेंबर

आज युरिया दिला. हिशेब: बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, त्यातलं निम्मं पेरताना दिलंय. उरलेलं ६० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे हेक्टरी १३० किलो युरिया, एकरी ५३ किलोच्या आसपास. पंचेचाळीस किलोचं एक पोतं आणि वर आठ किलो.

लाइट रात्रीची होती. साडेदहाला आली. दादाने बॅटरीच्या उजेडात अर्ध्या एकरावर युरिया फेकला, मी आणि वहिनीने नोझल सरळ केले, पावणेअकराला तुषार सुरू. दोन तास चालवला. उरलेल्या रानात दादा त्याच्याच रीतीने पाणी देऊन वाफशावर टाकणार आहे, हे आम्ही मुद्दाम ठरवलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये तुराट्या रोवल्या.

४ डिसेंबर

दादाच्या पट्ट्यात आज वाफशावर युरिया पडला.

६ डिसेंबर

सकाळी दव असताना दोन्हीकडे फिरले. दादाच्या पट्ट्यात जमिनीपाशी वाकलं की नाकाला वास. तुषारच्या पट्ट्यात नाही. नाक हे काही मोजायचं साधन नाही, पण दादाने स्वतः वाकून वास घेतला.

७ डिसेंबर

हीच रिअॅक्शन एका ठिकाणी आपल्याला हवी असते: काडावर प्रक्रिया करताना. शंभर किलो गव्हाचं काड, चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचं आणि प्लॅस्टिकने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचं. काडावरच्या जिवाणूंचं युरिएज आत अमोनिया तयार करतं, अमोनिया काडाचे टणक धागे सैल करतो, नत्रही वाढतं. उघडल्यावर थोडा वेळ हवा लागू द्यायची, मगच जनावरापुढे टाकायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना द्यायचं नाही. रानात अमोनिया जाऊ नये म्हणून धडपडायचं आणि इथे तो कोंडून धरायचा.

दादा तयार आहे, आईने मात्र साफ नाही म्हटलं. कारण मला माहीत होतं.

मी सातवीत असताना आमची कपिली गेली. पाटाला सोडायला पिंपात युरिया कालवून ठेवला होता, ती दावं तोडून आली आणि प्यायली. अर्ध्या तासात थरथरायला लागली, तोंडाला फेस, पोट फुगलं, पाय झाडत पडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. गाईच्या मोठ्या पोटात युरिएजवाले जिवाणू कोट्यवधी असतात. थोडा थोडा युरिया गेला तर त्याच अमोनियातून ते प्रथिनं बनवतात. एकदम भरपूर गेला तर अमोनिया रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत जातो. तेव्हा ताबडतोब भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात: थंडीने एन्झाइमचा वेग पडतो, आम्लाने अमोनियाचं अमोनियम होतं आणि ते रक्तात सहज शिरत नाही. हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आज गोठ्याच्या कोनाड्यात व्हिनेगरच्या बाटल्या आणून ठेवल्या आणि बाहेर डॉक्टरांचा नंबर खडूने लिहिला. कच्चं सोयाबीन आणि युरिया एकाच खाद्यात कधी मिसळायचं नाही, हेही खाली लिहिलं. ५ नोव्हेंबरचा ग्लास आठवला की कारण कळतं. आईने बाटल्या बघितल्या. काडाबद्दल अजून काही बोलली नाही.

१० डिसेंबर

बाबांची श्वासाची तपासणी. उपाशीपोटी खुणेचा कार्बन असलेला युरिया दिला, थोड्या वेळाने फुंकायला लावलं. पोटात युरिएज असेल तर तोच कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये येतो. पॉझिटिव्ह. चौदा दिवसांचा कोर्स परवापासून.

२७ डिसेंबर

कोर्स संपला. तोंड कडू आणि पोट बिघडलेलं, पण एकही डोस चुकवला नाही.

लॅबमध्ये आज लघवीचा एक नमुना, पीएच साडेआठ, खाली शवपेटीच्या आकाराचे स्फटिक. प्रोटियस नावाच्या जिवाणूचं युरिएज लघवी अल्कली करतं आणि स्ट्रुव्हाइटचे खडे बसवतं. लघवीची नळी घातलेल्या रुग्णांत ती नळीच चोंदते. ॲसिटोहायड्रॉक्सामिक आम्ल हे युरिएज रोखणारं औषध अशा खड्यांसाठी आहे, पण त्याचे दुष्परिणाम बरेच. वहीत एवढंच.

३० जानेवारी

कोर्स संपून महिना झाला, पँटोप्रॅझोलही बंदच आहे. बाबांची श्वासाची तपासणी आज पुन्हा झाली. निगेटिव्ह. या वेळी मी आदल्या रात्री त्यांच्या उशाखाली हात घालून बघितलं होतं.

गहू ओंब्यांवर आहे. तुषारच्या पट्ट्याची पानं मला जास्त काळपट हिरवी दिसतात, दादा म्हणतो फरक थोडासाच आहे. तुराट्या तशाच ठेवल्यात. कापणीला दोन्ही पट्टे वेगळे मळायचे आणि वेगळे तोलायचे, हे त्याने कबूल केलंय. आई काल विचारत होती, एकवीस दिवस झाकायला प्लॅस्टिक किती मीटर लागेल.